निळं कार्ड

लखनौच्या प्रयोगशाळेत मी उंदरांना पोटभर खायला घालून उपाशी ठेवायचे. म्हणजे त्यांच्या खाण्यातून बी-टू जीवनसत्त्व तेवढं काढून टाकायचे. ते मिळालं नाही की तांबड्या पेशीतलं एक एन्झाइम मंदावतं आणि अशा दुबळ्या पेशीत मलेरियाचा जंतू धड वाढत नाही. पूर्ण आहाराच्या पिंजऱ्याला लाल कार्ड, बी-टूविना निळं. निळ्यांत जंतू कमी निघाले की मला खुर्चीत बसवायचं नाही, व्हरांड्यात फेऱ्या सुरू.

ऐंशीच्या आसपास, पावसाळा सरताना, माझ्याच सात वर्षांच्या लेकीला मलेरिया झाला. क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी ताप उतरला. मग अंगात शक्ती यावी म्हणून डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्सचं सिरप, दूध, अंडी लिहून दिली. मी बाटलीचं झाकणही उघडलं नाही. दूध बंद, अंडी बंद. ताप पुन्हा उलटला तर? मेल्या जंतूला आयतं जेवण कशाला वाढायचं!

नवरा चारबाग स्टेशनवर रेल्वेत होता. ड्यूटीवरून आल्यावर म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी लिहून दिलंय ना?"

"डॉक्टर उंदीर पाळतात का?" मी फटकारलं. शिकून वर आलेली माणसं आम्ही, जास्त शिकलेल्याचा शब्द घरात शेवटचा. तो शब्द माझा होता.

तीन आठवडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातून दहादा तिचं कपाळ चाचपायचे. एक दिवसाआड बोटाला सुई टोचून रक्ताची काच प्रयोगशाळेत न्यायचे. जंतू नाही! जंतू गोळ्यांनी मेला होता आणि श्रेय मी उपासमारीला देत होते. विद्यार्थ्याने असा प्रयोग आणला असता तर मी वही तोंडावर फेकली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय खोटं?

तिच्या ओठांचे कोपरे फुटले. भाजीतलं तिखट लागलं की रडायची. मी म्हणायचे, हवा कोरडी आहे. हवा कोरडी! उंदराच्या अंगावरून उणीव ओळखणारी बाई मी, आणि पोटच्या पोरीचं तोंड मला दिसेना.

एका रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. निळ्या कार्डाच्या पिंजऱ्यापुढे ती बराच वेळ उभी राहिली. आतला उंदीर रोडावलेला, केस गळालेले.

"आई, इसको दूध नहीं मिलता?"

"नाही गं. त्याचा प्रयोग चाललाय."

तिने ओठाच्या कोपऱ्याला बोट लावून पाहिलं. "मेरा कार्ड भी नीला है क्या?"

पिंजऱ्यांची नोंद तशीच टाकली, तिचा हात धरला आणि फाटकाबाहेरच्या हलवायाकडे जवळजवळ पळतच गेले. "भैया, बड़ा वाला गिलास," मी म्हटलं. त्याने कढईतलं गरम दूध भरून दिलं. तिने दोन्ही हातांनी ग्लास धरला. ओठ झोंबले असावेत, पण सोडला नाही. अर्धा झाल्यावर थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत भीतभीत विचारलं,

"आई, पूरा पी लूँ?"