न बिघडलेलं धुराडं

चूल बांधायला गेले की घरातल्या बाया माझ्याभोवती गोळा व्हायच्या. धुराडं साफ करायला गेले की त्याच बाया घराबाहेर निघून जायच्या. दोन्ही कामं मी या हातांनी केली आहेत, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

सत्तरचं दशक संपता संपता आमच्या वर्धा जिल्ह्यात निर्धूर चुलींचं वारं सुटलं. एका संस्थेत मी ते काम शिकले. मातीची चूल, पुढे एक तोंड, मागे दुसरं तोंड म्हणजे वैल, आणि वैलाच्या मागून भिंतीला धरून थेट छपराच्या कवेलूंच्या वर निघणारा सिमेंटचा पाइप. तेच धुराडं. गावोगाव चुली भराभर बांधून झाल्या, पाहुणे आले, फोटो निघाले, सगळ्यांनी एकमेकांचं कौतुक केलं. मग कापसाच्या पराट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळून जाळून धुराडी आतून काजळीनं बुजायला लागली. तेव्हा फोटो काढायला कोणी फिरकलं नाही. मला पाठवलं.

मी सेलूला एका खोलीत राहत होते. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. लोकांना याहून जास्त ऐकायचं असतं, पण मला सांगायचं नसतं. सकाळी वेळूचे दोन तुकडे, टोकाला बांधायला बारदान्याचं फडकं, एक खुरपं आणि काजळी भरायचा पत्र्याचा डबा घेऊन मी एसटीत चढायचे. चतुर्थीच्या दिवशी केळझरच्या गणपतीला निघालेल्या बायांनी गाडी खच्चून भरलेली असायची. त्यांच्या हातात दुर्वा आणि माझ्या हातात काळाकुट्ट वेळू. त्या पदर आवरून घ्यायच्या. कंडक्टर ओरडायचा, "बाई, हे बांबू टपावर टाका!" टपावर टाकलेली वस्तू उतरताना मिळेलच याची खात्री त्याने कधी दिली नाही, म्हणून मीही वेळू कधी सोडला नाही. आमचं भांडण केळझरपर्यंत पुरायचं.

धुराडं साफ करायचं म्हणजे आधी घर रिकामं करायचं. बाया पिठाचे डबे झाकायच्या, पाण्याच्या गुंडावर फडकं टाकायच्या, पोरं बाहेर हाकलायच्या आणि स्वतःही शेजारणीच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. आत मी एकटी. वेळू वर सरकवायचा, काजळी खाली आली की डब्यात भरायची, मग कागदाचा बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरायचा. ज्योत आत ओढली गेली की काम झालं. ओढली गेली नाही तर पुन्हा वेळू. बाहेरून हसण्याचे आवाज यायचे. कितीतरी घरांच्या स्वयंपाकघरात मी बसले, पण माणसांसकट असं एखादंच. कोणाच्या घरी ताटं किती, तवा केवढा, मुलांच्या वाट्या कोणत्या, हे सगळं मला ठाऊक असायचं. आणि ती माणसं मात्र मी निघाल्यावर हात धुऊन परत आत जायची. मला याचा राग यायचा. काजळी माझ्या घरची नव्हती, त्यांचीच होती.

अपवाद एकच. केळझरच्या पुढे फाट्यावर उतरून पायी गेलं की एक छोटं गाव लागायचं. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी होती, आणि डॉक्टरनं धुराजवळ जायचं नाही असं बजावलं होतं. ही बाई मी धुराडं साफ करत असताना माझ्या शेजारी फतकल मारून बसली.

"मावशी, बाहेर बसा ना. काजळी पडून राह्यली."

"पडू दे. मले का आता गोरं दिसाचं हाये?"

"डोया सांभाळा लागते ना."

"बोल तू. दिवसभर कोणी बोलत नाई. कोंबडीसंगं किती बोलू?"

त्या दिवशी धुराड्यातून मूठभरच काजळी निघाली. एकट्या माणसाच्या चुलीत तेवढीच होणार. पण गप्पांमध्ये माझा अर्धा दिवस गेला आणि शेवटची गाडी पळत पकडावी लागली. तिचा मुलगा हिंगणघाटला गिरणीत होता. सून होती, नातवंडं होती, खोली एकच होती. तो सुट्टीला येऊन आईला भेटून जायचा. चांगला होता, असं ती चारचारदा म्हणाली.

थोडे दिवस गेले नाहीत तर सेलूच्या बाजारात त्या गावची एक बाई भेटली. म्हणाली, म्हातारीच्या घरी धूरच धूर आहे, बोलावलंय. मी चरफडत गेले. माझ्या हातचं धुराडं इतक्यात तुंबेल कसं? दार ढकललं तर आत काही दिसेना. मावशी चुलीपुढे भाकर थापत होती आणि पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. मी तिला हात धरून बाहेर काढलं, आग विझवली आणि कागद पेटवून धुराड्याशी धरला. ज्योत झपकन आत गेली. धुराडं ठणठणीत होतं.

मग माझं लक्ष वैलाकडे गेलं. वैल उघडा होता.

या चुलीचं एक आहे. ती दोन भांड्यांची चूल आहे. पुढे तवा आणि वैलावर वरण किंवा भाजी असली, दोन्ही तोंडं झाकलेली असली, की धूर निमूट पाइपातून वर जातो. वैल उघडा राहिला तर धूर घरात येतो. ज्यांनी ती चूल शोधून काढली त्यांच्या डोळ्यांसमोर भरलं घर असणार. भाकर आणि तिखटावर भागवणाऱ्या एकट्या माणसाला वैलावर ठेवायला दुसरं भांडं नसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या खोलीतही मी तशीच चूल बांधली होती. वैलावर मी गंज, म्हणजे पातेलं, भरून पाणी ठेवायचे. ते रोज तापायचं आणि घरात ते मागणारं कोणी नसायचं. माझी आंघोळ सकाळीच झालेली असायची. निवलं की मी ते मोरीत ओतून द्यायचे. कधी कधी ते पाणी ओतताना मला रडू यायचं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मी मावशीच्या वैलावर पाण्याचा गंज ठेवला आणि चूल पुन्हा पेटवली. बघता बघता घर मोकळं झालं.

"झालं. पाइपाले काई नाई झालं. वैल उघडा नका ठेवू, बस."

मी वेळू उचलायला पाठ फिरवली आणि परत पाहिलं तर गंज खाली जमिनीवर होता. धूर पुन्हा घरात.

"गंज काऊन काढला, मावशी?"

ती परत भाकर थापायला लागली. मी आवाज चढवला. माझा आवाज तसाही चढायला फार वेळ घेत नसे. "इतक्या दुरून पायी आली मी! डोया घालवाचा हाये का?"

तेव्हा तिने सांगितलं. "पोरगा म्हणते, धूर थांबला नाई तं मले हिंगणघाटले घेऊन जाईन."

मी खाली बसले.

"डोये गेले तं?" मी विचारलं.

"कान हायेत ना. नातवंडाईचा आवाज तं येईन." मग माझा काळा हात धरून ती म्हणाली, "सुट्टीले तो येऊन राह्यला. तुलेच विचारते तो. तू सांगजो, धुराडं कामातून गेलं म्हून."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फाट्यापर्यंत चालताना स्वतःशीच भांडत होते. चांगल्या धुराड्याला मी कधी वाईट म्हटलं नव्हतं. पण माझाही एक भाऊ नागपूरला होता. दिवाळीला हमखास बोलवायचा. भाऊबीज आटोपली की वहिनी फार प्रेमानं विचारायची, "ताई, अजून किती दिवस हाये?" मी त्याच दिवशी दुपारची गाडी धरायचे. मावशीला निदान जायला एक कारण मिळत होतं. ते माझ्या हातात होतं आणि मी खरेपणाची बढाई मारत चालले होते.

सुट्टीच्या दिवशी मी गेले. मुलगा आला होता. हाडकुळा, शर्टाच्या कॉलरवर कापसाची लव चिकटलेली, बोलायला मऊ. सुनेनं दिलेला चिवड्याचा डबा त्याने आईपुढे ठेवला होता. तो स्वतः छपरावर चढून पाइपात डोकावून आला. खाली उतरून म्हणाला, "ताई, खरं सांगा. हे सुधरन का?"

मावशी दारात उभी होती. पट्टीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"नाई सुधरत, भाऊ," मी म्हणाले. "पाइप आतून तडकला. धूर भिंतीतूनच घरात येते. मावशीनं आता चुलीजवळ बसाचंच नाई. डोया जाईन."

त्याने हाताला लागलेली काजळी शर्टाला पुसली. मग म्हणाला, "मंग काईतरी करा लागन."

मावशीचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. तिने चहा केला, बशीत चिवडा दिला, निघताना परसातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी माझ्या काखेत कोंबली. त्या दिवशी एसटीत मी कंडक्टरशीसुद्धा भांडले नाही. हिंगणघाटच्या खोलीत म्हातारी कुठे निजेल, नातवंडं तिला कशी छळतील, हे मनातल्या मनात मांडत बसले. खोटं बोलल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. फक्त एवढंच वाटलं, की आता त्या गावात माझ्याशी बोलायला कोणी उरणार नाही.

पुढे कापसाचा वेचा संपला, शेतातल्या पराट्या उपटून लोकांनी घरामागे रचल्या, आणि त्या गावातल्या दुसऱ्या एका घरचं बोलावणं आलं. काम आटोपून मी सहज मावशीच्या घराकडे वळले. दाराला कुलूप असेल, ते बघून परतावं, असा विचार होता. दार उघडं होतं. आतून फर्रर्र असा आवाज येत होता.

मुलगा उकिडवा बसून पितळेच्या स्टोला पंप मारत होता. शेजारी मावशी. पट्टी निघाली होती, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आला होता.

"ताई, या, या! पाहा," तो आनंदाने म्हणाला. "तुमी सांगतलं म्हून मले समजलं. नाईतं माय तशीच धुरात बसली असती. आता धुराचं नावच नाई."

धुराड्याचं छपरातलं तोंड त्याने कवेलू ठेवून, माती लिंपून बंद केलं होतं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. चूल सारवून कोपऱ्यात तशीच होती, वर सूप पालथं घातलेलं. त्याने सगळा विचार केला होता. "रॉकेल राशनच्या कार्डावर भेटते. मायले एकटीले कितीक लागते?" स्टो बुजला तर टोचायची पिन त्याने आईच्या हातात दिली आणि ती कशी धरायची ते दोनदा दाखवलं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो इतका खरा, इतका खूश होता, की राग कुठे धरावा ते कळेना. त्याला आईचा डोळा वाचवायचा होता. तो त्याने वाचवला.

"काई लागलं तं सांगजो, माय," म्हणून तो आईच्या पाया पडला आणि गाडीसाठी निघाला.

आम्ही दोघीच उरलो. स्टो नुसताच जळत होता, त्यावर काही नव्हतं. तो बंद कसा करायचा हे मावशीला येत नव्हतं. मी चावी ढिली केली, हवा निघाली आणि घर एकदम शांत झालं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

मावशी त्या स्टोकडे पाहत म्हणाली, "आता काय बहाना सांगू वो बाई?"

"बहाना कायले पायजे?" मला राहवलं नाही. "सरळ म्हणा ना त्याले, मले तुझ्यासंगं घेऊन चाल म्हून. तुमचा पोरगा हाये तो. आता फाट्यावरच असन, मी धावत जाऊन बोलावून आणते. म्हणा एकडाव."

ती उठली नाही. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणीन," ती म्हणाली. "अन् तो नाई म्हणला तं?"