आईच्या छातीची सीडी

माझा मामा जन्माचा भित्रा. गॅस बंद केलाय का हे तो तीनदा बघतो, आणि फोन वाजला की उचलताच पहिला प्रश्न, "काय झालं?" एका कामात मात्र त्याचा हात कधी थरथरला नाही. सीडी भाड्याने देण्याचं त्याचं दुकान होतं, तेव्हा सगळी गल्ली त्याला पेस्टमामा म्हणायची. ओरखडे पडून अडकणारी सीडी तो टूथपेस्टने बरी करायचा. जेल नको, दाणेदार नको, साधी पांढरी. वाटाण्याएवढी घ्यायची, मऊ सुती फडक्याने मधल्या भोकापासून काठाकडे सरळ ओढायची, मग धुवायची. कोणी गोल घासलेली सीडी आणली की विचारायचा, "भांडी घासत होता का?"

पुढे सीड्या गेल्या, दुकानात मोबाईलची कव्हरं आली आणि मामाची विद्या धूळ खात पडली.

मग आईच्या फुफ्फुसात डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी अपघातानंतर स्कॅन काढला होता ना, त्याची सीडी आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर घाबरायचं कारण नाही. तेव्हा नसेल, तर लगेच ऑपरेशन." स्कॅन सेंटर केव्हाच बंद पडलं होतं. सीडी आमच्या खणात सापडली, जुन्या किल्ल्यांखाली. डॉक्टरांकडे मळकी वस्तू कशी न्यायची, म्हणून आईने ती स्वयंपाकघरातल्या घासणीने लख्ख करून ठेवली. गोल गोल घासून. संगणकाने ती आत घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली.

मामा धावत आला. त्याने सीडी दिव्यासमोर धरली आणि त्याचा चेहराच उतरला.

"ताई, गोल घासलीस?"

आईने मान खाली घातली. मामा तिच्यावर रागावला नाही. मला तो हळूच म्हणाला, "सीडी गोल गोल वाचली जाते. भोकापासून काठाकडे गेलेला ओरखडा ती ओलांडते, गोल ओरखड्यात अडकून बसते. वरची, छापलेली बाजू शाबूत आहे तेवढं बरं, माहिती तिच्याच खाली असते. ती गेली असती तर सगळंच संपलं होतं."

बेसिनपाशी तो नुसताच उभा राहिला. हातात फडकं, आणि हात लटलट कापत होता.

"मला जमायचं नाही ग. जास्त घासली गेली तर?"

मीही भीतीने अर्धी झाले होते, त्यामुळे खेकसलेच. "मग कोण करणार? मी?"

त्याने पेस्ट घेतली. पहिल्यांदा संगणकाने सीडी बाहेर टाकली. दुसऱ्यांदाही टाकली. तिसऱ्यांदा घरघर बरीच वेळ चालली आणि आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते. डाग असू दे, असू दे, असं मी म्हणत होते. आपल्याच आईच्या छातीत चार वर्षांपासून डाग असावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

फोटो उघडले. मी लगेच ते संगणकात उतरवून घेतले. काळ्या-पांढऱ्या ढगांतलं आम्हाला काहीच कळेना, त्यामुळे भीती होती तिथेच राहिली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावले. मोजलं. पुन्हा मोजलं.

"तेवढाच आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत जरासुद्धा वाढलेला नाही. ऑपरेशन नको."

आई रडायला लागली. मी तिचा हात धरला. मामा मात्र उठून संगणकाच्या पडद्याजवळ गेला, पांढराफटक पडलेला.

"बाई, जरा नीट बघता का? जुन्या फोटोतला हा डाग माझ्या घासण्याने तर पडला नसेल ना?"

 बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"नाही हो मामा. सीडी खराब झाली तर फोटो उघडणार नाही. असा डाग त्यात उमटत नाही. हा त्यांचाच आहे."

"ताईचाच?"

"त्यांचाच."

तेव्हा कुठे मामा खाली बसला, आणि आईपेक्षा मोठ्याने रडला.