गिटार वाढ, ड्रम वाढ

घरात रॉक बँड असला की किस्से जमवावे लागत नाहीत. केर काढताना जसे केस निघतात तसे ते कोपऱ्याकोपऱ्यातून निघतात. आमच्या चारकोपच्या घरात तर केसही निघतात, कारण बँडमधल्या तीन मुलांपैकी दोघांची वेणी माझ्या वेणीपेक्षा जाड आहे.

चौथी माझी नात, केतकी. ती बेस वाजवते. बेस म्हणजे चार तारांची गिटार, जी वाजत असताना कोणाला ऐकू येत नाही आणि थांबली की घरातून काहीतरी गेल्यासारखं वाटतं. माझ्या सासूबाईंसारखी. शिवाय सगळ्यांचं वाजवणं वेगवेगळं रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर एकत्र बसवायचं कामही तिच्याचकडे. त्याला मिक्सिंग म्हणतात. मी शाळेची पायरी चढलेली नाही, पण बारा माणसांचा स्वयंपाक केलेला आहे, त्यामुळे मला हे काम पहिल्याच दिवशी कळलं. केतकीला आठ महिने लागले.

आठ महिने एकच गाणं. साडेचार मिनिटांचं. आमच्या कुकरची शिटीसुद्धा आता त्याच सुरात होते. शेवटी मुलांनी ठरवलं, येत्या रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गाणं ठाण्याच्या कुणा जाणकाराला द्यायचं आणि केतकीने नुसता बेस वाजवायचा. माझा मुलगा दिलीप, म्हणजे तिचा बाप, याने लगेच टेप काढून तिच्या टेबलाची जागा मोजली. तिथे वॉशिंग मशीन बरोब्बर बसतं म्हणे.

केतकी नखं खात बसली. तिला जन्मभर हेच काम करायचं आहे, हे घरात दोघींनाच माहीत होतं. एक ती, एक मी.

*

या सगळ्याची सुरुवात गाद्यांपासून झाली.

“आजी, खोली घुमते गं,” केतकी म्हणाली. “भिंतींना काहीतरी मऊ लावायला पाहिजे.”

आमच्या घरात मऊ म्हणजे तीन गाद्या आणि माझ्या हातच्या गोधड्या. गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, गोधड्या खिडकीत टांगल्या, कपाट मध्ये ओढलं. दिलीपने विचारलं, “मी झोपायचं कुठे?” तर कन्या म्हणते, “बाबा, आवाज किती कोरडा झालाय बघ ना.” त्या कोरड्या आवाजाच्या आनंदात माझा मुलगा चार दिवस फरशीवर झोपला.

पाचव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. दारातून आत डोकावले, उभ्या गाद्या पाहिल्या, आणि आवाज खाली करून म्हणाले, “आजी, लाजू नका. ढेकूण कोणालाही होतात.”

“ढेकूण नाहीत हो. रॉक आहे.”

“कधीपासून?”

“महिना झाला.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. “मग पसरलं असणार,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या विंगमध्ये फवारणी. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी तर मला जिन्यात गाठून आभार मानले. त्यांच्याकडे खरंच होते.

*

गाणारा प्रथमेश. गाणारा म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही.

त्याला माझ्या कपाटात तोंड घालून उभं करतात. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. तर माझ्या लग्नाच्या शालूत नाक खुपसून हा प्राणी ओरडतो. पहिल्यांदा ओरडला तेव्हा खालच्या सावंत काकू तशाच धावत वर आल्या, हातात ओव्याची डबी.

“कोणाचं पोट?” त्यांनी विचारलं.

“याचं,” मी प्रथमेशकडे बोट दाखवलं. एवढ्या प्रेमाने आलेल्या बाईला काय समजावणार.

काकूंनी त्याला ओवा चावायला लावला, वर गरम पाणी पाजलं. मुलगा संस्कारी, निमूट प्यायला. त्यानंतरचं ओरडणं आधीपेक्षा मोकळं आलं, असं केतकीचं म्हणणं. तेव्हापासून गाण्याआधी ओवा हा आमच्या बँडचा नियम आहे.

मी त्याला विचारलं, “एवढा कोणावर चिडलास रे?”

“सिस्टीमवर, आजी. सगळी सिस्टीम सडलीये.”

“बरं. आणि नोकरीला कुठे आहेस?”

“बँकेत. एचआरला.”

मी ओव्याची डबी त्याच्याकडेच राहू दिली.

*

गाणं घरातल्या स्पीकरवर चांगलं वाटलं तर ते काही खरं नाही, ते फोनवर, टीव्हीवर, गाडीत, सगळीकडे चांगलं वाटलं पाहिजे, असं केतकी कुठेतरी शिकली. आमच्याकडे गाडी नाही. पण शेजारच्या कदमांकडे रिक्षा आहे आणि मागच्या सीटमागे डब्याएवढे दोन स्पीकर आहेत. केतकीने गाणं त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. म्हणाली, “काका, जाता-येता लावा आणि कसं वाटतं ते सांगा.”

तेव्हा बेस तिने पोटभर वाढवून ठेवला होता. स्वतः वाजवते ना. स्वतःच्या पोराला तूप जरा जास्तच पडतं.

कदमांनी सकाळी फोनवर आपली भजनं लावली आणि गिऱ्हाईक घेऊन निघाले. भजनं संपली आणि पुढचं काय लागलं ते त्यांना कळलं नाही. सिग्नलला उभे असताना खालून घर्रर्र ऐकू यायला लागलं. त्यांनी माफी मागून गिऱ्हाइकाला उतरवलं, वाकून खाली बघितलं, आणि रिक्षा थेट गॅरेजला नेली. मेकॅनिकने इंजिन चालू केलं, बंद केलं. कान लावला. मग हात पुसत म्हणाला, “कदम, इंजिन बंद आहे आणि आवाज चालू आहे. ही केस माझ्या हातातली नाही.”

संध्याकाळी कदम वर आले, गॅरेजची सगळी हकीकत सांगितली. “केतकी, ते तुझं गाणं नक्की सुरू कधी होतं गं?”

“काका, तुम्ही गॅरेजमध्ये ऐकलंत ना, तेच ते.”

कदमांनी मोठा श्वास सोडला. “बरं झालं बाई,” म्हणाले, “म्हणजे रिक्षा चांगली आहे.”

केतकी हसली, आणि मग टेबलापाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिने वहीत एवढंच लिहून मला वाचून दाखवलं: बेस जास्त.

*

बेस खाली आणला, आणि बाकीच्यांना जोर चढला.

एकेकटे यायचे. आधी गिटारवाला ओंकार. “केतकी, गिटार जरा वाढव ना यार.” तिने वाढवली. मग गोराईहून जेरी. हा ड्रमवाला, याने आपल्या घरच्या पडवीत वाजवून सगळं रेकॉर्ड करून आणलं होतं, वर त्यात गोराईच्या कोंबड्यांचे आवाजही आले होते. तो म्हणे, “गिटारखाली ड्रम मेले. वाढव.” वाढवले. मग प्रथमेश ओवा चघळत, “आवाज दबला यार.” तोही वाढवला. की ओंकार परत हजर. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवरचे सगळे दिवे लाल झाले. लाल म्हणजे आवाज उतू गेला.

मी स्वयंपाकघरात. पोरं ‘वाढव’ म्हणतात, पण माझ्या कानाला ते ‘वाढ’ असंच येतं. जन्म गेलाय ते ऐकण्यात. ओंकार म्हणाला, “अजून वाढव ना,” तशी मी पळी घेऊन बाहेर आले आणि त्याच्यासमोरच्या वाटीत काळ्या वाटाण्याची आमटी वाढली.

“आजी, गिटार म्हणालो मी.”

“मेल्या, मग आधी सांगायचं.”

खाल्ली मात्र त्याने. दोन वाट्या.

तो गेल्यावर मी केतकीला म्हटलं, “तुझं पान भरलंय गं. आता काही वाढायचं असेल तर आधी काहीतरी काढ.”

“म्हणजे काय?”

“आमटीचा ओघळ भाजीत गेलाय, भाताखाली गेलाय. सगळ्यालाच आमटीची चव. आमटी कमी नको करूस, तिला वाटी दे.”

ती मग खुर्ची फिरवून कामाला लागली. गिटारचा खालचा जाडसर आवाज बेसच्या जागेत सांडत होता, तेवढा तिने काढला. मग ड्रमचा थोडा काढला, जिथे प्रथमेशचा गळा यायचा तिथला. दोन तासांत तिने एकही गोष्ट वाढवली नाही. नुसती काढत गेली. आणि बेस, जो कमीच ठेवला होता, तो स्वच्छ ऐकू यायला लागला. कोंबड्याही गेल्या.

आठ महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं की गाण्याचे शब्द मराठी आहेत. ते नसतं कळलं तरी चाललं असतं.

*

शनिवारी दुपारी केतकी माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला.

“आजी, गाणं बसलंय. आता कशाला हात लावला तर वाट लागेल. पण उद्या ते तिघं ऐकल्या ऐकल्या म्हणणार, माझं वाढव. वाढवलं तर गाणं गेलं. नाही वाढवलं तर ठाण्याला गेलं.”

मग मी तिला तिच्या आजोबांचं सांगितलं. त्यांना प्रेशरचा त्रास निघाला आणि डॉक्टरने मीठ तोडलं. रोज जेवताना वाटी आपटायचे, “मीठ घाल.” महिनाभर मी भांडले. डॉक्टर काढला, देव काढले, माहेर काढलं. मग एक दिवस गप्प उठले, त्यांच्या डोळ्यांदेखत मिठाच्या डब्यात हात घातला, आणि रिकामी चिमूट त्यांच्या आमटीवर चोळली.

“आता कसं?” मी विचारलं.

त्यांनी भुरका मारला. “आता जीव आला बघ आमटीत.”

अकरा वर्षं मी ती चिमूट घातली. माणूस प्रेशरने गेला नाही, हे इथे सांगून ठेवते.

“त्यांना कधीच कळलं नाही?” केतकीने विचारलं.

“त्यांनी कधी विचारलं नाही.”

आता तेच प्रेशर मला आहे. मिठाचा डबा केतकीनेच वरच्या फळीवर नेऊन ठेवलाय, माझा हात पोचू नये म्हणून. माझी आमटी वेगळ्या पातेल्यात होते. तिची चव काय सांगू. पाण्याला निदान पाण्याची तरी असते.

*

रविवारी तिघं आले. दिलीप दारात उभा, खिशात टेप. केतकीच्या टेबलावर वर-खाली सरकवायच्या बटणांची एक पेटी आहे. तिने गाणं लावलं. साडेचार मिनिटं कोणी हललं नाही.

मग ओंकारने घसा साफ केला. “भारी झालंय. फक्त गिटार जरा वाढव.”

“बरोबर बोलतोस,” केतकी म्हणाली. तिने पेटीतलं अगदी कडेचं बटण धरलं आणि ओठ दाबून हळूच वर सरकवलं. गाणं परत लावलं. “आता कसं?”

ओंकारने डोळे मिटून मान डोलावली. “आता जीव आला.”

“पण आता ड्रम दबले ना,” जेरी म्हणाला.

“खरंच की.” तेच बटण थोडं खाली. “आता कसं?”

“हां. झकास.”

प्रथमेशला आवाज हवा होता. तेच बटण परत वर. त्याने बारकाईने ऐकलं, हात वर केला. “थोडा जास्त झाला. केसभर कमी कर.” तिने केसभर कमी केला. “बस,” तो म्हणाला, “इथेच ठेव, हलवू नकोस.”

मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी होते.

“ठाण्याला कशाला जायचं मग?” ओंकार इतरांना म्हणाला, जशी काही कल्पना दुसऱ्या कोणाची होती. दिलीपने टेप खिशातून काढला, बाथरूमबाहेरची जागा मोजली आणि म्हणाला, “इथेही बसेल तसं.”

ते गेल्यावर मी केतकीला विचारलं, ते कडेचं बटण कशाचं गं. म्हणाली, “कशाचंच नाही. ते जोडलेलंच नाही.”

*

पण ते गेले जेवूनच. वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. केतकी वाढत होती. इतके दिवस उतरलेला चेहरा उजळला होता, आणि तिघंही ‘अजून वाढ’ म्हणत होते, या वेळी खरोखरच आमटीसाठी. मी माझी आळणी वाटी घेऊन कडेला बसले होते. एक घास घेतला, दुसरा घेतला. आज एवढा आनंदाचा दिवस.

“केतू,” मी म्हटलं, “मीठ दे गं जरासं.”

ती उठली. वरच्या फळीवरून डबा काढला, त्यात हात घातला, माझ्यापाशी आली आणि वाटीवर बोटं चोळली.

“आता कसं, आजी?”

मी वडा बुडवून खाल्ला.

“आता जीव आला बघ,” म्हटलं, आणि वाटी पुसून संपवली.