मिस्त्रीची काडी

पौडच्या त्या मिस्त्रीकडं लोक इंजिन ओळखायला यायचे. जुन्या अमेरिकन गाड्यांची लहान-मोठी दोन इंजिनं बाहेरून अगदी सारखी दिसत. फरक आत, पिस्टन किती खाली जातो त्यात. नंबर घासून गेला असला तरी हा तंबाखू मळता मळता नुसती एक नजर टाकून सांगायचा, "मोठं हाय."

माझ्या टॅक्सीलाही त्यानं तेच सांगितलं. मी पुण्याहून मोठ्याचे पिस्टन आणले, ते जुळेनात; इंजिन लहान निघालं. दुसऱ्या दिवशी गाडीवर उरवड्याचं वऱ्हाड ठरलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं हात पुसले, माझ्याबरोबर उरवड्याला आला आणि भर मांडवात नवरीच्या बापाला म्हणाला, "ह्यांचा दोष न्हाई. इंजिन मी वळखलं न्हाई."

वऱ्हाड बैलगाड्यांतून गेलं.

तेव्हापासून तो प्लगच्या भोकातून बांबूची काडी पिस्टनवर टेकवायचा, हँडल हळूहळू फिरवायचा आणि काडी किती खाली गेली ते बोटांनी मोजायचा. स्वतः बांधलेल्या इंजिनालासुद्धा.

"मिस्त्री, तुमाला तर नुसतं बघून कळतंय की," मी एकदा म्हणालो.

काडी धोतराला पुसत तो म्हणाला, "कळतंय, म्हनूनच घालतुया."