१५३५ ची नोंद

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात माझी बदली बराकपूरला झाली. हुद्दा हवालदार, वय अठ्ठावीस. नेमणूक रिसीव्हिंग स्टेशनवर. पुढच्या ठाण्यांवरून वायरलेसवर येणारा आवाज कशामुळे दबतो ते शोधायचं आणि वाट मोकळी करायची, एवढंच काम.

हे स्टेशन आधी कलकत्त्यात, मैदानाच्या कडेला होतं. एस्प्लनेडला ट्रामची दांडी तारेवर ठिणगी उडवायची आणि आमच्या हेडफोनमध्ये पत्रा फाडल्यासारखं व्हायचं. म्हणून ते नदीकाठी बराकपूरला हलवलं. तिथे सियालदहच्या विजेच्या गाड्यांचा त्रास होता, पण गाडी गेली की तो सरायचा. महिन्याभरात मी सगळे आवाज ओळखायला शिकलो. गाडी, मिलची मोटर, डॉक्टरचं शेक द्यायचं विजेचं मशीन, सगळे. सिग्नलमन बिस्वास माझ्यापेक्षा वयाने मोठा, जीभ तिखट. तो म्हणायचा, "उस्ताद तो आवाज़ सुनके ड्राइवर का नाम बता देंगे." मला ते ऐकायला आवडायचं.

नियम साधा होता. व्यत्यय आला की पहिल्या पाच मिनिटांत स्वतःचं स्टेशन तपासायचं. पंखा, मोटर, बॅटरी चार्ज करणारं इंजिन, एकेक बंद करायचं आणि ऐकायचं. मग बाहेर शोधायचं. तपासल्याची वेळ लॉगबुकात टाकायची. हा नियम मी नवीन माणसांना पाठ करायला लावत असे.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. सीमेपलीकडे एका बटालियनबरोबर आमचं वायरलेस डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी होती. त्यावर नाईक रघुनाथ शेलार. जुन्नरकडचा. बराकपूरला आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे तो पुढे जाईपर्यंत संध्याकाळचं जेवण बरोबर. मला दादा म्हणायचा. सेटवर मराठीत बोलायची परवानगी नव्हती, तरी आम्ही एखाददुसरं वाक्य बोलायचो.

चार्जिंगचं इंजिन आमच्या खोलीपासून दीडशे पावलांवर होतं. जड बॅटऱ्या वाहून माणसं थकली होती. ही नोंद ज्या दिवसाची, त्या दिवशी सकाळी मी ते उचलून खोलीच्या मागच्या भिंतीशी ठेवायला लावलं. माणसं खूश झाली. दुपारी ते कोणीतरी सुरू केलं. मी हेडफोन लावून बसलो होतो, समोरच्या रस्त्यावर ट्रक चालले होते. इंजिनाचा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही.

१५३० वाजता शेलारचा कॉल आला आणि त्याच्यावर एकसुरी करकर चढली. त्याच्याकडे अकरा जखमी होते. कालव्यावरचा पूल तुटला होता आणि ॲम्ब्युलन्स गाड्यांनी कुठल्या उताराला यायचं ते तो नकाशावरच्या सहा आकड्यांत सांगत होता. त्यातले दोनच मला मिळाले.

कॅप्टन नायर आत आले. "क्या है ये?"

"जॅमिंग, सर. दुश्मन का है. निकाल लूँगा."

"अपना स्टेशन चेक किया?"

"किया, सर."

मी तपासलं नव्हतं. सोळा वर्षं मी या वाक्याच्या आजूबाजूने फिरतो आहे. खोटं बोलायचं ठरवून बोललो नव्हतो. मला उठायचं नव्हतं, एवढंच. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, तेव्हा तो शत्रूचाच, अशी माझी खात्री होती. आणि तो मीच मोडून काढणार, हेही मी ठरवलं होतं.

रिसीव्हर हळूहळू फिरवून करकरीत फट शोधायची तर समोरच्याने लांब बोलत राहावं लागतं. मी शेलारला सांगितलं, "एक ते दहा मोज. मग आकडे दे. पुन्हा तेच."

त्याने मोजलं. दिले. तिसरा आकडा मिळाला.

"पुन्हा."

त्याने पुन्हा मोजलं. चौथा मिळाला.

"दादा, फार वेळ ऑन आहे मी," तो म्हणाला. एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. लांब बोलणारा सेट शत्रूला शोधता येतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"अजून एकदा. मिळतंय."

"बरं. घ्या."

त्या खेपेला पाचवा मिळाला. मी आणखी एकदा म्हणालो. तो हसला असावा, किंवा खोकला. चौथ्यांदा त्याने सगळं पाठवलं. १५५८ ला सहाही आकडे माझ्या कागदावर होते. मी ते पुढे दिले. गाड्या वेळेत पोहोचल्या आणि अकराच्या अकरा जण परत आले. हे खरं आहे आणि मला ते नाकारायचं नाही.

बिस्वास बॅटरी बदलायला मागे गेला. त्यासाठी त्याने इंजिन बंद केलं. माझ्या कानातली करकर एका क्षणात गेली. तो दारात येऊन उभा राहिला.

"उस्ताद, ये तो अपना ही बच्चा रो रहा था."

बटण दाबून इंजिन बंद करायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. मी शेलारला कॉल दिला. वाट इतकी मोकळी होती की टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. उत्तर नाही. १६३० पर्यंत मी कॉल देत राहिलो.

संध्याकाळी कळलं. शेलार ज्या झोपडीतून बोलत होता तिच्यावर चारच्या सुमारास तोफेचे तीन गोळे आले. तो जागीच गेला. त्या भागात गोळे दिवसभर पडत होते, त्याच्या बोलण्यामुळेच आले असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. ही सवलत मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिली.

१६४० ला मी लॉगबुक ओढलं आणि मोकळ्या ओळीत लिहिलं: "१५३५. स्वतःचे स्टेशन तपासले. ठीक." बिस्वास बघत होता. त्यानंतर तो मला कधी उस्ताद म्हणाला नाही. हवालदार साहब म्हणायचा.

पुढे वाट चालू ठेवल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. निवृत्त झालो, कलकत्त्यातच राहिलो, काही वर्षं तरुणांना शिकवलं. आता बोलणं उपग्रहावरून जातं. तिथेही व्यत्यय येतो, आणि तिथेही आधी आपलं स्टेशन तपासा म्हणून मी फळ्यावर लिहीत असे. यंदा इथल्या आपल्या मराठी मंडळाने त्या प्रशस्तिपत्राची गोष्ट वार्षिक अंकासाठी मागितली. ती ही अशी आहे.

गेल्या मे महिन्यात मी जुन्नरला गेलो. शेलारचा थोरला भाऊ अंगणात खाट विणत होता. मी सगळं सांगितलं, लॉगबुकासकट. तो विणतच राहिला.

"आई तुमचं नाव घ्यायची," तो म्हणाला. "तो गेल्यावर तुमचं पत्र आलं होतं ना. तिला हे कळलं नाही, बरं झालं."

"हो."

"आणि मला सांगितलंत, त्याचं काय करू मी?"

त्याने दोरीचं टोक माझ्याकडे दिलं. "धरा. ताण द्या." खाट पुरी होईपर्यंत मी धरून बसलो. निघताना त्याने पुन्हा या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही.

नाईक रघुनाथ शेलार, वय चोवीस. ते सहा आकडे मी मागितले त्या चारही वेळा त्याने बरोबर पाठवले होते.