चिमणी बरोबर, चोच चूक

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या सरांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे त्यांना 'उपक्रम' म्हणतात. मुलं पाठीमागे म्हणतात, शिक्षक तोंडावर म्हणतात आणि मुख्याध्यापक रागावले की म्हणतात. शिक्षणात कुठेही काही नवं निघालं की ते आधी सरांच्या वर्गात शिजतं आणि मग आम्हा सगळ्यांच्या पानात पडतं. मी गणित शिकवते. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एक पातळ भिंत आहे, आणि आम्ही शेजारी राहत असल्यामुळे घरांमध्येही तशीच एक आहे. दिवसा मला सरांचे उपक्रम ऐकू येतात आणि संध्याकाळी त्यांचे परिणाम.

माणूस वाईट नाही हो. उत्साही आहे, आणि उत्साहाला औषध नसतं. एकदा सर कुठल्याशा प्रशिक्षणाहून आले ते 'उलटा वर्ग' हा शब्द घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर वर्गातले सगळे बाक फिरवलेले. मुलांच्या पाठी फळ्याकडे, तोंडं मागच्या भिंतीकडे, आणि सर झाडू आणि कचऱ्याच्या डब्याच्या मध्ये उभे राहून कविता शिकवतायत. पुढच्या प्रशिक्षणात खुलासा झाला की उलटा वर्ग म्हणजे धडा घरी पाहून यायचा आणि अभ्यास शाळेत करायचा. बाकांचा त्यात काही संबंध नव्हता. सर जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "ती त्यांची पद्धत. आपली आपल्या मातीतली." मात्र बाक सरळ केले.

सरांची मुलगी त्यांच्याच वर्गात, तिसरीत. शाळेत 'सर' म्हणायचं आणि घरी 'बाबा', हा सरांनीच घालून दिलेला नियम. तिला आम्ही सगळे 'रेडिओ' म्हणायचो, कारण दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला खोड होती. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, साबणाचं वेष्टन, काही सोडायची नाही. तिची आई दवाखान्यात नर्स, पाळी बहुधा संध्याकाळची. आजीची, म्हणजे सरांच्या आईची, नजर गेलेली. त्यामुळे रोज संध्याकाळी रेडिओ आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अगदी 'भाड्याने देणे आहे'च्या जाहिरातींपर्यंत. भिंतीपलीकडे मी भाजी चिरत ऐकायची. मला बातम्या त्यामुळेच कळायच्या, आणि खरं सांगते, दिवसातला तेवढाच वेळ माझं डोकं शांत असायचं.

तर यंदा सरांच्या वर्गात वाचन तपासणारं यंत्र आलं. मोठा पडदा, वर कॅमेरा, खाली माइक. मुलाने समोर उभं राहून वाक्य वाचायचं आणि यंत्राने 'बरोबर' किंवा 'चूक' सांगायचं. कंपनीने त्याला श्वास लागेल एवढं लांब नाव दिलं होतं. पण पडद्यावर गोल, गुळगुळीत, मिशीवाला एक चेहरा यायचा, म्हणून मुलांनी पाहताक्षणी त्याचं 'मामा' करून टाकलं. पुढे त्याने आम्हा सगळ्यांनाच मामा बनवलं, तेव्हा मुलांची दूरदृष्टी मला कळली.

पहिल्या दिवशी पहिलं वाक्य वाचायचा मान अर्थातच रेडिओचा. वाक्य होतं, 'चिमणीची चोच लहान आहे.' तिने खणखणीत वाचलं. मामाने मिशी हलवली. 'चिमणीची' हिरवं झालं, 'चोच' लाल झालं, आणि मामा म्हणाला, "चूक."

आता जरा थांबून एक काम करा. मोठ्याने 'चाक' म्हणा. जीभ दातांमागे लागली. आता 'चिमणी' म्हणा. जीभ टाळ्याकडे गेली. अक्षर एक, आवाज दोन. कागदावर दोघे भाऊ एकाच सदऱ्यात वावरतात, त्यामुळे मला इथे फरक लिहून दाखवता येत नाही. तोंड तुम्हालाच चालवावं लागेल. दुडुदुडु चालणाऱ्या पोरालाही जे न शिकवता येतं, ते मामाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला फक्त चिमणीतला च येत होता. 'चोच'मध्ये दोन्ही च चाकातले, म्हणून चोच चूक. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण नुसतं म्हणतो. मामा ते खरोखर करत होता. कहर म्हणजे 'चूक' हा शब्दसुद्धा तो चिमणीच्या च नेच म्हणायचा. चूक दाखवतानाच चूक! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

रेडिओने पुन्हा वाचलं. चूक. पुन्हा वाचलं. चूक. सर म्हणाले, "नीट वाच, बाळ. यंत्र कधी चुकत नाही."

मुलं आपल्यापेक्षा व्यवहारी असतात. दोन दिवसांत त्यांना मेख कळली. कुठलाही च आला की जीभ टाळ्याला लावायची, मामा खूश. आठवड्याभरात अख्खा वर्ग तसा बोलू लागला. मग तो संसर्ग माझ्या वर्गात आला आणि माझ्या पाढ्यातल्या पाचालासुद्धा चिमणी चिकटली. तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं.

"सर, तुमच्या मामाला च येत नाही."

"बाई, त्याने लाखो तासांचं बोलणं ऐकलंय."

"कोणाचं?"

"ते... लोकांचं."

"मी पण जन्मभर लोकांचं बोलणं ऐकतेय. म्हणून मी काही 'चूक' म्हणत सुटत नाही."

"तुम्ही म्हणता, बाई. पण टक्के बघा ना! वर्गाची शुद्धता कुठून कुठे गेली!"

"शुद्धता गेली, हे मात्र खरं," मी म्हटलं आणि माझा डबा उघडला. सर मनापासून हसले. टोमणा कळूनही हसणाऱ्या माणसाचं काय करायचं?

त्याच सुमारास एका संध्याकाळी भिंतीपलीकडून बातम्यांऐवजी वादावादी ऐकू आली.

"अगं, असं काय वाचतेस? चोर म्हणताना जीभ चिकटतेय का तुझी?" आजी.

"आजी, शाळेत असंच बरोबर असतं."

"म्हणजे तुझ्या बापाला मी चुकीचं बोलायला शिकवलं होय? नीट वाच बघू."

पोरीने नीट वाचलं की शाळेत चूक, शाळेसारखं वाचलं की घरी चूक. इकडे आड, तिकडे विहीर. तिने त्यातून आपली वाट काढली. च असलेला शब्दच टाळायचा. एकदा जिन्यात मी विचारलं, "किती वाजले गं?" तर म्हणाली, "सहाला एक कमी." पक्ष्याच्या चोचीला 'टोकदार तोंड' म्हणायला लागली, चोराला 'तो घेऊन पळणारा'. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की ही खेळत नाहीये. वाचताना पुढच्या ओळीत च दिसला की ती अडखळायची, पान उलटायची. असं करत करत वाचणंच थांबलं, आणि मग बोलणंही. काही विचारलं तर मान हलवायची, तीही जपून. भिंतीपलीकडे संध्याकाळी फक्त भांड्यांचा आवाज. मला भाजी चिरवेना.

सर घाबरले आणि तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कारण काय, तर च दातांपाशी लागतो! डॉक्टर म्हणाले, दात छान आहेत, जीभ दाखव. तिने जीभ दाखवली. त्या आठवड्यात तोंड उघडलं ते तेवढंच.

"सर, मुलीला काही झालेलं नाही. तुमच्या यंत्राने तिला गप्प केलंय," मी जिन्यातच सुनावलं.

"मला कळतंय, बाई," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "पण शिक्षण खात्याचे साहेब यायचेत तपासणीला. 'आदर्श डिजिटल वर्ग'ची पाटी यंदा आपल्याला नक्की मिळणार. एवढं पार पडू दे, मग बघतो तिचं."

पाटीसाठी त्यांनी वर्गाच्या दारावर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. इतकी वर्षं लोकांनी ज्यांना हसून 'उपक्रम' म्हटलं, त्यांना एकदा तरी कोणी गंभीरपणे शाबास म्हणावं, एवढीच त्यांची हौस. मला ती कळत होती. आणि म्हणूनच माझा संताप दुप्पट होत होता.

साहेब आले. सोबत कंपनीचा माणूस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, तोंडावर कायमचं हसू. आम्ही बाकीचे शिक्षक मागच्या भिंतीला ओळीने उभे. मुलं एकेक करून मामासमोर गेली आणि पोपटासारखी, म्हणजे चिमणीसारखी, वाचून आली. बरोबर, बरोबर, बरोबर. पडदा हिरवागार. साहेब डोलत होते. रेडिओला सरांनी पुढे बोलावलं नाही. ती आपल्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसली होती.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "आता शिक्षकांचं आदर्श वाचन होऊन जाऊ दे."

आणि तेव्हा मला कळलं की एवढ्या दिवसांत सर स्वतः एकदाही मामासमोर उभे राहिले नव्हते. दुसऱ्याला औषध पाजणारे स्वतः कधी चव बघतात का?

सर ऐटीत पुढे झाले. पडद्यावर तेच पहिलं वाक्य आलं. सरांनी आईने शिकवलं तसं वाचलं, "चिमणीची चोच लहान आहे."

"चूक," मामा म्हणाला.

सरांनी घसा साफ केला. सावकाश वाचलं. चूक. कंपनीच्या माणसाने माइकची वायर चाचपली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मुलांत चुळबुळ सुरू झाली आणि एका बाकावरून कळवळून सल्ला आला, "सर, चुकीचा च काढा ना! मग बरोबर म्हणतो तो!"

आम्ही मागे उभे होतो ते खिदळलो. सर हसले नाहीत. कारण रेडिओ बाकावरून उठून त्यांच्यापाशी आली होती. तिने त्यांची बाही ओढली आणि कितीतरी दिवसांनी बोलली. हळूच बोलली, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, आजीचा च नका सोडू. नाहीतर तुमचं पण बोलणं बंद होईल."

शाळेत ती त्यांना 'बाबा' म्हणाली होती. सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा मी बाक फिरवल्याच्या फजितीतसुद्धा पाहिला नव्हता. मग त्यांनी तिचा हात धरला आणि मामाकडे वळले. तिसरीच्या ढ मुलाकडे वळतात ना, तसे.

"हे बघ," सर मामाला म्हणाले, "चूक असं नाही म्हणायचं. चूक. जीभ दातांपाशी. म्हण, चूक."

"चूक," मामा म्हणाला, आपल्या च ने.

"अंहं. चूक."

"चूक."

"पुन्हा. चूक!"

"चूक."

आता वर्ग पेटला. सगळी मुलं एका सुरात मामाला शिकवू लागली, चूक, चूक, चूक, आणि प्रत्येक च चाकातला. मामा बिचारा लाल होऊन प्रत्येकाला चूक म्हणत राहिला. तो शिकतोय की रागावतोय हे त्याच्या कंपनीच्या माणसालाही सांगता येईना. त्या गोंगाटात मी रेडिओचं तोंड पाहत होते. ते उघडं होतं, आणि त्यातून सगळ्यांपेक्षा मोठा आवाज निघत होता.

साहेबांनी शांतपणे शेरा लिहिला आणि चहा न घेता गेले. पाटी दुसऱ्या शाळेला मिळाली. तिथल्या वर्गाला म्हणे शंभर टक्के पडतात. ती मुलं आता कशी बोलत असतील, याचा विचार मी करत नाही. आमच्या दारावरच्या खिळ्याला फळा पुसायचं ओलं फडकं वाळत असतं.

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन भिंतीला टेकून बसले. मग आजींचा आवाज, "काय गं, आज वर्तमानपत्र नाही?"

"आज दुसरं आहे, आजी. बाबांच्या शाळेतलं. ऐक." आणि माझा रेडिओ सुरू झाला. "विद्यार्थ्यांचे उच्चार चांगले. शिक्षकांच्या उच्चारात चुका. शिक्षकांनी पाच दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे."

"कोणी लिहिलंय हे?"

"साहेबांनी."

"गाढव दिसतोय," आजी म्हणाल्या. "पण तू वाचलंस छान."

"बाबा, आता तुम्ही वाचा."

सरांनी आढेवेढे घेतले. मग स्वतःवरचा तो शेरा त्यांनी उभ्याने, वर्गात वाचावा तसा मोठ्याने वाचला. सगळे च जागच्या जागी होते.