बारावं नाव

मार्च २०२०. नेदरलँड्समधलं बेस्ट नावाचं गाव, मुलीचं घर. माझं शेवटचं पोस्टिंग म्हणा ना. तीन महिन्यांसाठी आलो, विमानं बंद झाली आणि अडकलो. ०५३० ला उठणं, दाढी, बूट पॉलिश. बूट घालून जायचं कुठे, तर परसात. जावई वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये, नात माझ्या मराठीला डचमध्ये उत्तर देणार. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पण असा थकवा कधी आला नव्हता.

शेजारी योहानाबाई, वय एकोणनव्वद, एकट्या. रोज १६०० ला त्या कुंपणापलीकडे खुर्ची टाकायच्या, मी अलीकडे, मध्ये दीड मीटर. त्यांचं इंग्रजी आणि माझं फौजी इंग्रजी, भागायचं. मी सुभेदार होतो हे कळल्यावर त्या वडिलांबद्दल बोलू लागल्या.

वडील ओटो, जर्मन. पहिल्या महायुद्धात खलाशी होते, हरून घरी आले ते कम्युनिस्ट होऊन. कोळशाच्या खाणींत संप उभे केले, दोनदा तुरुंगात गेले, जिल्ह्याचे नेते झाले. नाझी सत्तेवर आले तसं काम भूमिगत झालं. नियम एकच, कागदावर नाव नको. ओटोंनी तरी अकरा साथीदारांची नावं वहीत लिहून ठेवली. का, तर आपल्याला पकडलं तर त्यांच्या बायकामुलांकडे कुणीतरी बघावं. झडतीत वही सापडली. ओटो बाहेर होते म्हणून वाचले आणि सायकलवरून सीमा ओलांडून इकडे आले. मागून बायको आणि लहानगी योहाना. ते अकराही जण उचलले गेले, एकही परतला नाही. पक्षाने ओटोंना फितूर ठरवलं. दुसरं युद्ध सुरू होण्याआधी न्यूमोनियाने गेले, तेव्हा अंत्ययात्रेला एकही साथी आला नाही.

४ मे. त्या दिवशी २००० वाजता इथे युद्धात गेलेल्यांसाठी देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात. योहानाबाई दरवर्षी त्यानंतर ती अकरा नावं वाचायच्या. वडिलांचं कधीच नाही. दुपारी त्यांनी विचारलं, "सुभेदार, खरं सांगा. माझे वडील फितूर होते का?"

 असलं एक माझ्याही खाती होतं, बायकोलाही न सांगितलेलं. त्यांना सांगितलं.

सीमेवरची पोस्ट, रेडिओ सायलेन्सचा हुकूम, म्हणजे सेटवर एक शब्दही बोलायचा नाही. माझे दोघे गस्तीवरून परतत होते, उशीर झाला. १६४० ला मला राहवेना. सेट उचलला.

"टायगर वन, लोकेशन सांग. ओव्हर."

"नाल्यात आहोत, साहेब. दहा मिनिटांत पोचतो. ओव्हर."

शत्रू ऐकत होता. १६४४ ला नाल्यात गोळे पडले. इन्क्वायरीत मला ताकीद मिळाली, बस. काळजीपोटी केलं हो, पण माणसं गेली ती गेलीच.

"चूक होती," मी योहानाबाईंना म्हणालो. "फितुरी नव्हती. चूक मी ओळखतो."

२००० वाजता सगळी गल्ली आपापल्या दारात उभी होती. मी कुंपणाशी सावधानमध्ये. दोन मिनिटं झाली. योहानाबाईंनी अकरा नावं वाचली आणि कागदाची घडी घातली.

"बारावं," मी म्हणालो. आवाज हुकमाचाच निघाला.

"ओटो," त्या म्हणाल्या, आणि रडल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि तुमचे?"

"नाईक दत्ताराम. शिपाई इस्माईल."

मागे दारात मुलगी उभी होती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाबा, हे कोण?"

"माझी माणसं," मी म्हणालो. "मी घालवलेली."